विरजण शेजारीही असू द्या



एक साधा प्रश्न विचारते. रात्री दूध तापवून ठेवलंय आणि बघता तर घरात विरजणापुरतंही दही नाही. तुम्ही काय करता? वाटी घेऊन शेजारी जाता. आणि शेजारणीकडं ते दही आलं कुठून? कधीतरी तुमच्याच घरून गेलेलं असतं. आता समजा, आळीत एकाच घरात विरजण आहे आणि त्या घरानं ते कधी कुणाला दिलंच नाही. मग त्या घरचं दही ज्या दिवशी नासेल, त्या दिवशी सगळ्या आळीचं दही बंद.

गटाचंही असंच असतं. समाजकार्याची पदवी घेताना मी नेतृत्वावर दहा मार्कांचं उत्तर लिहिलंय. नेतृत्वाचे प्रकार, नेत्याचे गुण, सगळं पाठ होतं. पण नेतृत्व म्हणजे काय ते मला कळलं एका गटाच्या बंद पेटीमुळं. त्यात माझीही चूक होती, तीही आज लिहून टाकते. गटाचं आणि तायांचं नाव देत नाही, पण त्यांना विचारूनच लिहितेय. त्याच म्हणाल्या, "लिवा की मॅडम, दुसऱ्या गटाचं तरी अडू नये."

पेटीची किल्ली

गट बाराजणींचा, नऊ वर्षं जुना. महिन्याला शंभर रुपये बचत. शंभराला महिना दोन रुपये व्याजानं अंतर्गत कर्ज. आपली पंचसूत्री तुम्हाला पाठच आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड, पूर्ण लिहिलेले लेखे. या गटाचं पाचही सूत्रांवर बोट ठेवायला जागा नव्हती. दुसऱ्या गावचे गट भेटीला आले की मी त्यांना इथंच घेऊन जायची.

अध्यक्षताई पहिल्या दिवसापासून त्याच. बँकेत त्या जायच्या, पैसे त्या मोजायच्या, कुणाला किती कर्ज द्यायचं तेही त्याच ठरवायच्या. पेटी त्यांच्या घरात, किल्ली त्यांच्या पदराच्या गाठीला. आणि दोन वर्षांपासून वह्या कोण लिहीत होतं? मी. मी गेले की बायका वही माझ्यापुढं सरकवायच्या आणि मी वीस मिनिटांत हजेरी, बचत, कर्ज, इतिवृत्त सगळं लिहून मोकळी व्हायची. दिवसाला तीन बैठका, शेवटची एसटी गाठायची. त्यांना लिहायला लावलं असतं तर दीड तास गेला असता.

सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत अध्यक्षताईंचं पोटाचं ऑपरेशन झालं. जिल्ह्याच्या दवाखान्यातून त्या विश्रांतीला लेकीकडं गेल्या. नेमकं तेव्हाच मला दोन-तीन महिन्यांसाठी दुसऱ्या प्रभागाचं काम दिलं होतं. मी परत आले तेव्हा त्या गटाच्या तीन बैठका झालेल्याच नव्हत्या. नऊ वर्षांत एक बैठक चुकली नव्हती आणि आता सलग तीन.

त्यातल्या एका ताईच्या लेकीला नर्सिंगच्या कोर्सला जागा मिळाली होती. फी भरायला दहा हजार कमी पडत होते. गटाच्या खात्यात तेव्हा एकतीस हजार पडून होते, पण ते कुणाला माहीतच नव्हतं. ताईंनी गावातल्या सावकारीवाल्याकडून शंभराला पाच रुपयांनी पैसे उचलले. हिशोब करा. दहा हजाराला महिना पाचशे. चार महिन्यांत दोन हजार रुपये व्याज गेलं. गटातून घेतले असते तर महिना दोनशे, म्हणजे चार महिन्यांत आठशे. त्या ताईंचे बाराशे रुपये जास्तीचे गेले. शिवाय गटाला मिळायचं आठशे रुपये व्याजही बुडालं, आणि ते व्याज म्हणजे बाराजणींचेच पैसे की.

मी विचारलं, "चेकवर तिघींपैकी दोघींची सही चालते. सचिवताई होत्या, कोषाध्यक्ष मावशी होत्या. मग अडलं कुठं?"

मावशी म्हणाल्या, "चेकबुक पेटीत. पेटी ताईंच्या घरात."

"मग मागायची ना. त्यांच्या सुनेनं दिली नसती का?"

"दिली असती की. पर ताई न्हाईत म्हटल्यावर आपून कसं मागायचं?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. खरं कुलूप पेटीला नव्हतंच. "आपून कसं मागायचं" हेच कुलूप होतं.

चूक कुणाची?

पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं, चूक अध्यक्षताईंची. त्या परत आल्यावर बैठकीत एकदोघींनी तसं बोलूनही दाखवलं. ताईंचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "नऊ वर्सं रोजगार बुडवून बँकेत गेले. उन्हात दोन-दोन तास लायनीत उभी राहिले. तुमचा एक रुपया खाल्ला का मी?"

खरं होतं ते. एक रुपयाही इकडचा तिकडं नव्हता. नऊ वर्षं सगळा भार एकीनं वाहिला होता. आणि बाकीच्या अकराजणींना ते सोयीचं होतं. बँकेत जा म्हटलं की कुणाची म्हैस आडवी यायची, कुणाचा पाव्हणा. "ताई, तुम्हीच जा, तुम्हाला समजतं." समजतं म्हणून त्या जायच्या, आणि जायच्या म्हणून त्यांनाच समजायचं. बाकीच्यांना कधी समजणार?

आणि माझी चूक तर सगळ्यात मोठी. त्या निदान घरच्या होत्या. मी पगार घेऊन बायकांना सक्षम करायला आलेली, आणि वही माझ्या हातात ठेवून बसले होते. पाचवं सूत्र त्या गटाचं नव्हतंच, ते माझं होतं. मी बैठकीत हे बोलले. म्हटलं, "वह्या मी लिहिल्या, त्यामुळं खात्यात किती आहेत हे तुम्हाला कळलं नाही. लेकीच्या फीला जे जास्तीचे पैसे गेले, त्यात माझाही वाटा आहे." थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एक म्हातारी मावशी म्हणाली, "जाऊ दे पोरी. आता शिकव म्हंजे झालं."

माणूस प्रामाणिक असेल, कष्टाळू असेल, हुशारही असेल. तरी त्याच्यावाचून काम अडत असेल, तर नेतृत्वात कुठंतरी कमी राहिलेली आहे. हे अध्यक्षाला लागू, सीआरपीला लागू, आणि माझ्यासारख्या समन्वयकालाही लागू.

पुढं त्या गटानं जे केलं ते सांगते. त्यात नवीन काही नव्हतं, सगळं घरात रोज चालतं तेच होतं.

पहिली भाकरी

तुम्ही लेकीला भाकरी शिकवली असेल. पहिली भाकरी कशी होते? एका बाजूला जाड, एका बाजूला फाटलेली. तुम्ही काय केलंत? परात ओढून घेतली असती तर ती आजही शिकली नसती. तुम्ही शेजारी बसलात, पीठ थोडं सैल झालंय म्हणालात, आणि ती वाकडी भाकरी घरात कुणीतरी खाल्ली. पीठ वाया गेलं नाही आणि पोर शिकली.

गटात आपण नेमकं उलटं करतो. बेरीज चुकली की वही ओढून घेतो.

आम्ही ठरवलं, वही सचिवताई आणि सातवी शिकलेली एक सून, अशा दोघींनी मिळून लिहायची. मी शेजारी बसायचं, पण पेनाला हात लावायचा नाही. पहिल्याच बैठकीत चाळीस रुपयांचा फरक आला. माझ्या डोळ्यांना चूक दिसत होती, हात शिवशिवत होते. मी हात मांडीखाली घालून बसले. दिवेलागण झाली, एकदोघी स्वयंपाकाचं बघायला उठून गेल्या. शेवटी त्या सुनेनं पकडलं: एकीनं दोन हजारांच्या कर्जाचं महिन्याचं व्याज, म्हणजे चाळीस रुपये, दिले होते, पैसे पेटीत होते, पण वहीत चढवायचे राहिले होते. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद मी सांगू शकत नाही. चौथ्या महिन्यात त्यांचं काम पाऊण तासात व्हायला लागलं.

एक गोष्ट मात्र जपा. चुकलेल्या बाईला सगळ्यांसमोर हसू नका. एकदा हसलात की ती पुन्हा पेन धरणार नाही, आणि तिचं बघून आणखी चारजणी धरणार नाहीत.

सावड

खुरपणीला, काढणीला आपण सावड करतो. काही गावांत याला वारंगुळा म्हणतात. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या रानात. सावडीत कुणी मालकीण नसते आणि कुणी मजूर नसते. ज्या दिवशी जिचं रान, त्या दिवशी तिनं सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. दुसऱ्या दिवशी सांगणारी बदलते. कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही.

गटाच्या कामाचीही सावडच लावली. आम्ही आधी बैठकीतली कामं मोजली: निरोप देणं, हजेरी घेणं, पैसे गोळा करणं, ते दुसरीनं पुन्हा मोजणं, वही लिहिणं, शेवटी इतिवृत्त मोठ्यानं वाचून दाखवणं, पेटी सांभाळणं, किल्ली सांभाळणं, बँकेत जाणं. नऊ कामं निघाली, आणि त्यातली वही सोडली तर जवळजवळ सगळी एकटीच्या डोक्यावर होती. ती बाराजणींत वाटली. पेटी एकीच्या घरी, किल्ली दुसरीकडं. बँकेत जायचं तर दोघींनी, एक जाणती आणि एक नवी. दर तीन महिन्यांनी पाळी बदलायची.

ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांनाही काम मिळालं. अंगठा देणाऱ्या मावशींकडं पैसे पुन्हा मोजण्याचं काम आहे. नोटा मोजण्यात त्यांचा हात कुणी धरत नाही. बाजारात आयुष्यभर भाजी विकलेली बाई ती.

बाजारातला भाव

आपण बाजारात वांगी घेताना तीन ठिकाणी भाव विचारतो. किडकी आहेत का बघतो, वजनकाट्याकडं लक्ष ठेवतो, वर मूठभर कोथिंबीर मागून घेतो. मग त्याच आपण बँकेत गेल्यावर का गप्प होतो? साहेबांनी पासबुक परत दिलं की न बघता पिशवीत टाकतो. ग्रामपंचायतीत कागद पुढं केला की न विचारता सही करतो.

प्रश्न विचारणं म्हणजे भांडण नव्हे. ज्या तोंडानं वांग्याचा भाव विचारला, त्याच तोंडानं विचारायचं, "साहेब, या महिन्याची नोंद कुठं आहे? हे पैसे कशाचे कापले?" या गटातल्या दोघी पहिल्यांदा बँकेत गेल्या तेव्हा त्यांनी एकच प्रश्न पाठ करून नेला होता: "आमच्या खात्यात आज किती शिल्लक आहे?" आकडा विचारला, पासबुकात भरून घेतला, बैठकीत वाचून दाखवला. एवढंच. पण आता तो आकडा बाराजणींना माहीत असतो.

एक प्रश्न गटातही विचारायला शिकलं पाहिजे: "ताई, हे असं का ठरवलं?" विचारणारीनं नीट विचारावं आणि ऐकणारीनं राग धरू नये. सगळ्यात आधी मलाच विचारा. समन्वयकाला प्रश्न विचारणारा गट मला आवडतो.

किल्ली दिल्यावर हातात काय राहतं?

अध्यक्षताईंना किल्ली सोडणं जड गेलं. पहिले दोन महिने त्या बैठकीत कोपऱ्यात बसायच्या. इतकी वर्षं ज्यामुळं मान मिळाला, तेच हातातून गेलं असं त्यांना वाटत होतं. हे वाटणं खोटं नाही. घरात सून आल्यावर सासूनं डब्यांच्या किल्ल्या देताना तिला जे वाटतं, तेच हे. बाकीच्यांनी हे समजून घ्यायला हवं. गटानं त्यांची नऊ वर्षं इतिवृत्तात लिहून घेतली, आभाराचा ठराव केला. मी सुचवलं नव्हतं, त्या म्हाताऱ्या मावशींनी सुचवलं.

आणि मग वेगळंच झालं. ताईंचा वेळ मोकळा झाला. त्या ग्रामसंघाच्या बैठकीला नियमित जाऊ लागल्या. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते, हे आपल्या महाराष्ट्रात कायद्यातच आहे, पण आमच्याकडं ती नुसती कागदावर होत असे. ताईंनी वाड्यावस्त्यांवर फिरून बायका गोळा केल्या. अंगणवाडीला पाणी नाही, हा विषय महिला सभेत मांडला, तिथून ग्रामसभेत नेला, आणि ठराव लिहिल्याशिवाय जागेवरून उठल्या नाहीत. नळ अजून आलेला नाही, पण ठराव कागदावर आहे आणि दर ग्रामसभेत ताई तो विषय काढतात. त्या मला म्हणाल्या, "किल्ली होती तवा माझा जीव पेटीतच गुतला व्हता."

घटनेच्या ७३व्या दुरुस्तीनं १९९३ पासून पंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, आणि आपल्या राज्यानं २०११ साली त्या निम्म्या केल्या. तरी कितीतरी ठिकाणी खुर्ची बाईची आणि कारभार नवऱ्याचा असं आजही दिसतं. असं का होतं? जिला गटात कधी वही धरू दिली नाही, पैसे मोजू दिले नाहीत, बोलू दिलं नाही, ती एकदम सरपंचाच्या खुर्चीत बसून कारभार कसा करेल? तिचा सराव आपल्या सतरंजीवरच व्हायला हवा.

सावित्रीबाई फुले १८५६ साली आजारी पडून नायगावला माहेरी होत्या. तिथून त्यांनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात आपल्या आजारपणापेक्षा फातिमाची काळजी केलेली दिसते, की तिच्यावर कामाचा भार पडला असेल. म्हणजे सावित्रीबाई अंथरुणावर होत्या तेव्हा काम सांभाळणारी दुसरी बाई तयार होती. मी हे पत्र कॉलेजात वाचलं होतं. त्याचा अर्थ मला या गटानंतर कळला.

तुमच्या पुढच्या बैठकीत

हे वाचून झाल्यावर पुढच्या बैठकीत अर्धा तास वेगळा काढा आणि एवढं करून बघा.

१. आजच्या आज अध्यक्ष, सचिव आणि तुमची समन्वयक तिघीही महिनाभर नसतील, असं धरा. बैठक होईल का? कर्ज देता येईल का? जिथं "नाही" उत्तर येईल, तिथं तुमचं कुलूप आहे.

२. बैठकीतली सगळी कामं वहीत लिहा आणि समोर नावं लिहा. एका नावापुढं तीनपेक्षा जास्त कामं असतील तर वाटून घ्या.

३. प्रत्येक कामाला एक शिकणारी जोडा. शिकवणारीनं शेजारी बसायचं, हात मागं ठेवायचे.

४. बैठक संपताना गटाची बँकेतली शिल्लक, हातातली रोकड आणि बाहेर असलेलं कर्ज, हे तीन आकडे मोठ्यानं वाचा. घरी जाताना प्रत्येकीला ते सांगता आले पाहिजेत.

५. पदाधिकारी बदलणार असाल तर बँकेतल्या सह्याही बदला. नुसतं तोंडी ठरवून भागत नाही. बैठकीत ठराव घ्या, इतिवृत्तात लिहा, हजर सभासदांच्या सह्या-अंगठे घ्या. ठरावाची प्रत, नव्या पदाधिकाऱ्यांचे फोटो आणि आधार कार्डासारखी ओळखीची कागदपत्रं शाखेत द्या. एखाद्या शाखेत आणखी कागद मागतात, म्हणून आधी विचारून जा, हेलपाटा वाचेल.

आणि ज्या तायांनी इतकी वर्षं गट ओढला, त्यांना एक विनंती. कुणी काढून घ्यायच्या आधी तुम्हीच द्या. विरजण दिल्यानं आपलं दही कमी होत नाही. उलट कधी आपलं नासलं, तर वाटी घेऊन जायला चार घरं असतात.

त्या ताईंची लेक आता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दुसऱ्या वर्षाची फी गटातून गेली. चेक लिहिला तिच्या आईनंच, कारण तेव्हा वहीची पाळी तिची होती. सही करताना सचिवताई मला म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही आज उगंच आलात, आमचं झालंय सगळं."

या कामात आल्यापासून इतकं चांगलं मला कुणी काही बोललं नव्हतं.

तुमच्या गटात पाळी लावून बघा, काय जमलं आणि कुठं अडलं ते ग्रामसंघाच्या बैठकीत सांगा. अडलेलंही सांगा. पुढच्या अंकात त्यावर लिहू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक